कीबोर्डवरच्या टिकल्या

"सूनबाई, थांबलं गं!" ही हाक दिवसातून दहा-पंधरा वेळा यायची, आणि नेमकी मी फळ्यापाशी उभी असतानाच यायची.

नाशिकला मखमलाबादच्या बाजूला आमचं घर. पुढच्या खोलीत मी कॉम्प्युटर क्लास चालवायचे. नवरा सातपूरला कंपनीत, सासूबाई दिवसभर झेंडूच्या मळ्यात. घरी मी आणि सासरे. मी त्यांना मामा म्हणायचे. उभा जन्म त्यांनी फुलांच्या पाट्या बाजारात नेल्या. साखरेने दोन्ही डोळे गेले, मग त्यांच्याकडे उरल्या त्यांच्या भजनी मंडळाच्या कॅसेटी. त्यातला पखवाज मामांचा. गाणाऱ्यांपैकी निम्मे तेव्हा हयात नव्हते. टेप कॅसेटी चावायला लागला म्हणून मी त्या सगळ्या कॉम्प्युटरवर उतरवल्या आणि एक जुनं मशीन त्यांच्या पलंगाशी लावून दिलं. चांगलं करायला गेले आणि गळ्यात आलं. टेपची बटणं त्यांच्या हाताला पाठ होती, माउस घेऊन ते काय करणार? भजन संपलं की हाक, आवाज वाढला की हाक.

एकदा क्लासमधली मुलं फिदीफिदी हसली आणि माझं डोकं फिरलं. "मामा, मला दुसरी कामं नाहीत का हो?" मी सगळ्यांदेखत ओरडले. रात्री जेवताना ते म्हणाले, "माझं मला लावता यील, असं काय नाय का तुझ्या त्या मशिनीत?"

म्हणून मी महात्मा गांधी रोडवरून मल्टिमीडिया कीबोर्ड आणला. वरच्या कडेला गोल बटणांची वेगळी रांग होती: चालू-बंद, मागचं, पुढचं, आवाज कमी-जास्त. दुकानदार म्हणाला, "मॅडम, सीडी टाका, झालं काम." सीडी विंडोजची होती. व्हायरसला वैतागून मी घरातली सगळी मशीनं विंडोज काढून लिनक्सवर नेली होती, आणि तिथे ही रांग ठार मुकी निघाली. तक्रार कोणाकडे करणार? आपलेच दात, आपलेच ओठ. एकेक बटण दाबायचं, पडद्यावर उमटणारा त्याचा नंबर वहीत उतरवायचा, कमांड देऊन त्या नंबराला काम नेमून द्यायचं आणि मग प्लेअरला ते कळवायचं. तीन दुपारी त्यात गेल्या. शेवटी शेवटी मला कीबोर्डकडे बघवेना.

काम झाल्यावर माझ्या पाकिटातल्या टिकल्या काढल्या. चालू-बंदवर मोठी जाड टिकली, आवाजावर खड्यांच्या. मामांनी चाचपून मोठी टिकली दाबली आणि पखवाज घुमला. "आगं, जमलं की!" ते लहान पोरासारखे हसले. पुढचे आठ दिवस एकही हाक नाही.

मामांचं मशीन आम्ही बंद करतच नसू. लोडशेडिंगमध्ये ते क्लासच्या इन्व्हर्टरवर चालायचं. एक दिवस मात्र वीज इतका वेळ गेली की इन्व्हर्टरनेही मान टाकली. दुपारी वीज आली आणि मी राहिलेल्या दोन्ही बॅच घेतल्या. आतलं दार लोटलेलं होतं, आवाज नव्हता. झोपले असतील, म्हटलं. खोटं कशाला बोलू, मला ती शांतता फार गोड लागली.

संध्याकाळी चहा घेऊन गेले, तर मामा ताठ बसलेले, कीबोर्ड मांडीवर. मशीन त्यांनी स्वतःच सुरू केलेलं होतं, प्लेअर आपोआप उघडला होता. ते टिकली दाबत, कान देत, परत दाबत.

"कधीपासून बसलात?"

"लाइट आली तवापासून." मग हळूच म्हणाले, "डोळे गेले ते गेले. आता बोटंबी गेली का काय गं? टिकली लागती हाताला, पन दाबलं तर काय व्हत नाय."

बोटं शाबूत होती. चूक माझी होती. मी दिलेल्या कमांडा मशीन बंद होईपर्यंतच टिकतात. सुरू होताना त्या आपोआप चालाव्यात, तर एका फाइलीत लिहून ठेवाव्या लागतात. ते मला माहीत होतं. पण बटणं जोडली त्या दिवशी आवाज आला आणि कंटाळून मी ते न करताच उठले होते.

"मग हाक का नाही मारलीत?"

"तुझा क्लास व्हता ना."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

फाइलीत लिहायला पाच मिनिटं लागली. मशीन तीनदा बंद करून, चालू करून पाहिलं. रांगेत टपालाच्या पाकिटाचं चित्र असलेलं, ईमेलचं एक बटण रिकामं होतं. त्याला मी घंटा जोडली, पुढच्या खोलीत ऐकू येईल इतकी मोठी, आणि त्यावरही टिकली लावली. "मामा, हे दाबलंत की मी क्लास सोडून येईन," मी म्हणाले. त्यांनी मान डोलावली.

ते बटण त्यांनी कधीच दाबलं नाही. हाकही परत मारली नाही. मग मीच प्रत्येक बॅच सुटली की दारात जाऊन विचारायचे, "मामा, थांबलंय का?"

"नाय गं, चालू हाय," ते म्हणायचे. कधीकधी आत काहीच वाजत नसायचं.