तट्टाचा न निघालेला अंक

आई लग्न होऊन जबलपूरला आली तेव्हा तिला हिंदीतले दोनच शब्द नीट वापरता येत होते, ‘अच्छा’ आणि ‘चलो’. माहेर यवतमाळकडचं. बाबा फॅक्टरीत, आणि क्वार्टरच्या आसपास सगळ्या हिंदी बोलणाऱ्या बायका. ‘अच्छा’ म्हणून ऐकून घ्यायचं आणि ‘चलो’ म्हणून सुटका करून घ्यायची, एवढ्यावर तिने सुरुवातीची वर्षं काढली. पुढे ती जी हिंदी शिकली ती एका भाडोत्री लढवय्याकडून.

घमापूरच्या बाजारात एक दुकान होतं. कपडे वाळत घालावेत तशी दोरीवर कॉमिक्स लटकवलेली असायची आणि वाचायला भाड्याने मिळायची. शनिवारी फॅक्टरीतून येताना बाबा दादासाठी आणि माझ्यासाठी एकदोन घेऊन यायचे. मुलांच्या हाती काय पडतंय ते पाहावं म्हणून आईने एकदा त्यातलं एक उघडलं. त्या दिवशी वांग्याची भाजी करपली. तेव्हापासून कॉमिक आधी आई वाचायची, मग दादा, मग मी.

त्यातला तिचा लाडका म्हणजे हा भाडोत्री लढवय्या. त्याला नाव नव्हतं. शत्रू त्याला ‘भाड़े का टट्टू’ म्हणायचे. आपल्याकडेही भाड्याचं तट्टू म्हणतातच, त्यामुळे आईला हा माणूस एकदम घरचाच वाटला. घरात त्याचा उल्लेख नपुंसकलिंगीच व्हायचा, लहान मुलाचा व्हावा तसा. “आलं का तट्टू?” असं ती दारातूनच बाबांना विचारायची. अंगात जुना फौजी कोट, बरोबर फाटक्या कानाचा घोडा, तोंडात कायम बडीशेप. जो पैसे देईल त्याचं काम करायचं, अर्धे आधी, अर्धे नंतर. देश, धर्म, न्याय असले शब्द कुणी काढले की तो जांभई द्यायचा. तरी दर अंकाच्या शेवटी त्याच्या हातून काहीतरी चांगलं घडायचंच, आणि त्याची त्याला फार लाज वाटायची.

खरं तर तो स्वतःच्या मालिकेत जन्मलाच नव्हता. दुसऱ्याच एका चकचकीत नायकाला मारायला आलेला खलनायक म्हणून तो आला आणि शेवटच्या पानावर कड्यावरून पडला. वाचकांना नायकापेक्षा तोच जास्त आवडला. मग काही महिन्यांनी प्रकाशकाने जाहीर केलं की कड्याच्या मध्यावर एक झाड होतं. तिथून त्याची स्वतंत्र मालिका सुरू झाली. पहिला चित्रकार त्याला काटकुळा काढायचा. तो सोडून गेला, आणि दुसऱ्याने त्याला मांड्यांएवढे दंड दिले आणि घोड्याचा रंग बदलला. आई आठवडाभर घुश्शात होती. “घोडा काहून बदलला? घोड्याने काय बिघडवलं होतं?” पुढे कागद पिवळा झाला, रंग रेषेबाहेर जायला लागले, ओठांचा लाल गालावर यायचा. मग कंपनी कुणीतरी विकत घेतली आणि जाड अंक निघू लागले, ज्यात निम्मी गोष्ट जुनीच असे. आई तीही वाचायची.

तिची हिंदी त्यातून तयार झाली. एकदा भाजीवाल्याने खाली सडके टमाटे घातले. आई पिशवी परत त्याच्यासमोर ठेवून खालच्या पट्टीत म्हणाली, “मैं एक बार बोलती. दूसरी बार मेरा हाथ बोलता.” भाजीवाल्याने निमूटपणे टमाटे बदलून दिले. पुढे कित्येक वर्षं तो तिला लांबूनच हाक मारायचा, “आओ डाकू दीदी, ताज़ा आया है.” आई खूश व्हायची.

मालिका बंद पडली तेव्हा मी पाचवीसहावीत असेन. कशी बंद पडली ते कुणालाच कळलं नाही. बाबा दर शनिवारी विचारायचे, दुकानदार मान हलवायचा. नंतर त्या दुकानात व्हिडिओ कॅसेट आल्या, आणि आता तिथे मोबाइलची कव्हरं मिळतात.

मला मात्र शेवटचा अंक पक्का आठवत होता. त्याच्या आधीच्या अंकात एका सरदाराने तट्टाला काम दिलेलं असतं, डोंगरावरच्या किल्ल्यातून एका डॉक्टरणीला खाली आणायचं. अर्ध्या वाटेत त्याला कळतं की सरदार तिला मारणार आहे. नदीकाठी नाव बांधलेली, डॉक्टरीण दमून नावेत झोपलेली, पैलतीरावर सरदाराची माणसं, आणि तट्टाचा हात दोराच्या गाठीवर. तिथे अंक संपतो. आणि मग शेवटचा अंक. तो घोड्याला पण नावेत घेतो आणि प्रवाहाबरोबर खाली निघून जातो. घेतलेले अर्धे पैसे सरदाराच्याच शिकारी कुत्र्याच्या गळ्यात बांधून परत पाठवतो. पुढे कुठल्याशा गावात डॉक्टरीण चिंचेखाली दवाखाना काढते. पहिला रोगी घोडा. आणि बाहेर रांग सांभाळत बसलेलं तट्टू, गुडघ्यांवर हात ठेवून, दाढ दुखत असल्यासारखा चेहरा करून. डॉक्टरणीच्या साडीचे हिरवे काठसुद्धा मला दिसायचे.

बाबा गेल्यावर आम्ही जबलपुरातच, महाराजपूरच्या घरात तिघी उरलो, आई, मी आणि माझी लेक. नंतर लेकही नोकरीसाठी बंगळुरूला गेली. दादा पुण्यात आहे. मी इथेच कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते. गेल्या वर्षी लेकीने आजीच्या वाढदिवसाला एक पार्सल पाठवलं. तट्टू परत आलं होतं. कुठल्याशा नव्या कंपनीने हक्क घेऊन, गुळगुळीत कागदावर, पुठ्ठ्याच्या बांधणीत ते नव्याने काढलं होतं.

आईने भिंग घेऊन दोन दिवस वाचलं, आणि मग व्हिडिओ कॉलवर नातीला झापलं.

“याची बायको काहून मारली?”

“आजी, वो उसकी बैकस्टोरी है. इसलिए तो वो ऐसा बना.” लेकीला मराठी सगळी समजते, पण उत्तर हिंदीतच येतं.

“त्याचं लग्नच झालं नव्हतं. अन् हे फुकट काम करून राहिलं! देशासाठी म्हणे. त्याला पैसे घेऊ द्या नं बाबा, त्याचा धंदा आहे तो.”

लेक हसली. तिला वाईटही वाटलं असावं, कारण त्यानंतर तिने नेटवर त्या मालिकेचा सगळा इतिहास हुडकून काढला. पुढच्या रविवारी तिने मला सांगितलं, “मम्मी, वो नाव वाला ही लास्ट इश्यू था. उसके बाद कुछ छपा ही नहीं.”

“छापलाय. मी वाचलाय. दवाखान्याचा.”

“किसी लिस्ट में नहीं है.”

“मग त्यांची माहिती अपुरी आहे.”

आमचं यावर बरंच वाजलं. वर्गात विद्यार्थ्यांनी पुराव्याशिवाय विधान केलं तर मी त्यांना खाली बसवते. इथे मात्र मी हट्टाला पेटले. आई बाजूला बसून वाती वळत होती.

शेवटी लेकीनेच कुणाकुणाला विचारून पत्ता लावला की तट्टाच्या मालिकेचे सगळे अंक लिहिणारे गृहस्थ हयात आहेत, आणि तेही आमच्यापासून फार लांब नाही, शहपुऱ्यात. शाळेत मास्तर होते, गोष्टी टपालाने प्रकाशकाकडे पाठवायचे. मी फोन केला. पलीकडून त्यांची पत्नी म्हणाली, “आ जाइए, ये तो दिन भर धूप में बैठे रहते हैं.”

एका थंडीतल्या रविवारी सकाळी मी आईला गाडीत घालून निघाले. मटारचे दिवस होते. शहपुऱ्याच्या रस्त्यावर दुतर्फा मटारच्या गोण्या भरून ट्रकवर चढत होत्या. आई नवी साडी नेसली होती, आणि वाटेत तिने दोनदा आरशात केस पाहिले.

मास्टरजी अंगणात खाटेवर बसले होते, कानटोपी घालून. ऐकायला जरा कमी येत होतं. समोर सुपात मटार. नमस्कार-चमत्कार झाले, चहा आला, आणि आईने न सांगताच शेंगा सोलायला घेतल्या. मी सरळ मुद्द्यावर आले. म्हटलं, तुमचा तो शेवटचा अंक, चिंचेखालच्या दवाखान्याचा, मला लहानपणी इतका आवडला होता की आजही चित्रं आठवतात.

“कौन सा दवाखाना?” मास्टरजींनी विचारलं.

मी सांगितलं. नाव, कुत्रा, पैसे, रांग, हिरवे काठ. ते कानाशी हात धरून ऐकत राहिले आणि मग हळूच म्हणाले, “बेटी, ये मैंने नहीं लिखा. ऐसा कोई अंक निकला ही नहीं.”

मी आईकडे पाहिलं. तिची मान खाली, बोटं शेंगांत.

“ते मी सांगितलं होतं,” ती म्हणाली.

“म्हणजे?”

“दादाला कांजिण्या झाल्या होत्या. जेवत नव्हता. तुझे बाबा तिसऱ्यांदा हात हलवत परत आले दुकानातून. मग मी सांगितलं दोघांना. तू पण तिथंच लोळून राहिली होती.”

“आणि माझं पोरीशी एवढं भांडण चाललं तेव्हा गप्प काहून बसलीस?”

आईने आता मान वर केली. “तू इतकी खात्रीने सांगून राहिली होती. मला वाटलं, नंतर निघाला असेल खरंच. मला वाटलं, मी सांगितलं तेच त्यांनी छापलं की काय.” आणि पुढची शेंग उचलत, “म्हणून तर आली विचारायला.”

मी ते काठ पाहिले होते. आता विचार करते तर हिरव्या काठाची साडी आईचीच होती, कांजिण्यांच्या दिवसांत अंगावर असलेली.

मास्टरजींना मराठी अर्धीमुर्धीच कळली असावी, पण झालं काय ते कळलं. ते खाटेवर सरसावून बसले. “बहनजी, आप सुनाइए. शुरू से.”

आणि आईने सांगितलं. तिच्या त्या हिंदीत, जी त्यांनीच तिला शिकवली होती आणि ज्याची त्यांना कल्पना नव्हती. नाव नदीत लोटली तेव्हा तिने सूप पुढे ढकललं. मास्टरजी मध्ये एकदाच बोलले.

“घोड़ा नाव में नहीं चढ़ेगा, बहनजी. घोड़ा पानी से डरता है.”

“चढ़ेगा,” आई म्हणाली. “डॉक्टरनी ने गुड़ दिखाया.”

मास्टरजींनी क्षणभर विचार केला. “चढ़ेगा,” त्यांनी कबूल केलं.

गोष्ट संपली तेव्हा सगळे मटार सोलून झाले होते. मग आईने विचारलं, “भैया, आपने क्या सोचा था?”

ते सुपातल्या रिकाम्या शेंगा चाळवत राहिले. त्यांची पत्नी दारात येऊन उभी राहिली होती, तीच म्हणाली, “बता दीजिए ना.”

प्रकाशकाचा निरोप आला होता, मास्टरजींनी सांगितलं. खप राहिला नव्हता, मालिका बंद करायची होती, आणि बंद करताना तट्टाला मारून टाका, म्हणजे एक अंक तरी जोरात जाईल. नावेतच मारा, गोळी घालून. मास्टरजी महिनाभर लिहायला बसत होते आणि उठत होते. शाळेत मुलांना उगाच ओरडायचे. घरात जेवण जात नव्हतं. मग एक दिवस कळलं की कंपनीच बुडाली, आता काही छापायचं नाही.

“लोग बोले, बड़ा नुक़सान हुआ आपका,” ते म्हणाले. “मैंने उस दिन पेट भर के खाना खाया. मेरे हाथ से मरने से बच गया वो.”

इतकी वर्षं आमच्या घरी त्या प्रकाशकाला आईने शिव्याच दिल्या होत्या. अर्ध्यात सोडलं मेल्यांनी, असं ती सणासुदीलाही म्हणायची. आता तिने हात जोडले, कुणाला ते कळलं नाही. “बरं झालं बावा बंद पडलं,” ती मराठीतच म्हणाली, आणि पदराने डोळे पुसले. मास्टरजींनी कानटोपी काढून परत घातली. मी चहाचे कप उचलून आत नेले, कारण तिथे बसून राहणं मला जमेना.

निघताना त्यांच्या पत्नीने सोललेले मटार डब्यात भरून दिले. वाटेत आई गाडीत झोपली, तोंड जरा उघडं, निवांत. मी लेकीला फोन करून सांगितलं की तू म्हणत होतीस तेच खरं. तिने सगळं ऐकलं आणि म्हणाली, “तो आजी वाला इश्यू ही असली है ना फिर.” आणि मग, अडखळत, पहिल्यांदाच आपणहून मराठीत, “मला पण... सांगायला सांग तिला.”

नव्या मालिकेचे आणखी भाग निघाले. आई नाक मुरडते आणि वाचते. पावसाळ्यात मास्टरजींचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, वाचायला मनाई होती, तेव्हा आईने त्यांना फोनवर वाचून दाखवायला घेतलं. दुपारी जेवण आटोपलं की ती भिंग लावून बसते, फोन उशीला टेकवते आणि तिच्या यवतमाळी उच्चारांत हिंदी सुरू होते, मारामारीच्या आवाजांसकट. मास्टरजी मध्येच म्हणतात, ये ग़लत है, ऐसा वो कभी नहीं बोलेगा. आई म्हणते, हो न, पण छापलंय तसं. तिकडे त्यांचीही टीका चालू, इकडे हिचीही, आणि पान काही पुढे सरकत नाही. परवा मी कॉलेजातून लवकर आले तर हेच चाललं होतं. फोनमधून मास्टरजींच्या पत्नीचा आवाज आला, “दीदी, ज़रा ज़ोर से पढ़िए, मैं रोटी बेल रही हूँ, इधर सुनाई नहीं दे रहा.”

आईने घसा साफ केला आणि पान पहिल्यापासून वाचायला घेतलं.