सत्काराचा नारळ

ठाण्यातल्या आमच्या वर्तकनगरच्या घरात विरोध म्हणजे सोसायटीच्या सभेत जरा चढ्या आवाजात बोलणं, एवढंच ठाऊक होतं. कॉलेजच्या निसर्ग मंडळातर्फे मी डंपरसमोर जाऊन बसते हे कळल्यावर आईने पहिला प्रश्न विचारला, "उन्हात बसता की सावलीत?"

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. डंपर बाळकुमला यायचे. माझी वर्गातली मैत्रीण तिथल्या कोळीवाड्यातली. तिच्या घरामागून खाडीचा एक अरुंद फाटा आत आला होता आणि भरतीला तिच्या वडिलांची होडी थेट परसापर्यंत यायची. फाट्याच्या दोन्ही अंगांना खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या तिवरांची दाट झाडी. डंपर तिथे डबर आणि माती ओतत होते. फाटा बुजला की होडी घरी येणार नव्हती, आणि होडी आली नाही की तिच्या आईच्या पाटीत मासळी येणार नव्हती. मंडळातल्या बाकी सगळ्यांसाठी तो पर्यावरणाचा प्रश्न होता. मैत्रिणीसाठी तो घरचा होता.

त्या भागाच्या नगरसेवकांना सगळे भाऊ म्हणत. भाऊंनी सुरुवातीला आम्हाला सरळ सरळ विरोध केला. नाक्यावरच्या सभेत ते म्हणाले, "कॉलेजची पोरं विकासाच्या आड येतायत. लोकांना घरं पाहिजेत, ह्यांना चिखल वाचवायचाय!" लोक खो खो हसले. मग प्राचार्यांना फोन गेला. मग कुणीतरी माझ्या बाबांना सहज गाठून आमच्या कॉलनीच्या पाण्याचा विषय काढला. बाबा घरी येऊन म्हणाले, "तुझं तू बघ. पण नळ गेला तर आईला तू सांगायचंस."

आम्ही हटलो नाही. आमच्याकडे ताकद नव्हती, पण वेळ भरपूर होता. आम्ही बसून राहिलो की ड्रायव्हर बिड्या ओढत थांबायचे आणि कंटाळून गाडी परत फिरवायचे. आपण जिंकतोय असं आम्हाला खरोखर वाटायला लागलं होतं.

मग भाऊंनी पवित्रा बदलला. पर्यावरण दिनाला निसर्ग मंडळाचा जाहीर सत्कार करायचा, असं त्यांनी परस्पर ठरवलं. प्राचार्यांनी आनंदाने होकार कळवला. मांडव घातला होता तो भरावावरच, जिथे आम्ही डंपर अडवायचो त्याच जागी. भाऊ माइकवर म्हणाले, "ह्या तरुणांनी आमचे डोळे उघडले. म्हणून ह्या जागेवर आम्ही उद्यान करतोय. झाडंच झाडं!" टाळ्या झाल्या. आता आम्हाला बोलावतील, तेव्हा आपण माइक घ्यायचा आणि खरं काय ते सांगायचं, असं आमचं ठरलं होतं. पण पहिलं नाव भाऊंनी आमचं घेतलंच नाही. त्यांनी मैत्रिणीच्या वडिलांना पुकारलं.

"आधी मान आमच्या नाखवांचा!"

तिचे वडील, म्हणजे आबा, मागच्या रांगेत बसले होते. ते उठले, सदरा खाली ओढून नीट केला आणि चालत वर गेले. जूनच्या उकाड्यात भाऊंनी त्यांच्या अंगावर शाल घातली, हातात नारळ दिला, फोटो निघाला. ज्यांचा फाटा बुजत होता त्यांनीच नारळ घेतल्यावर माइक घेऊन बोलण्यात काही अर्थच उरला नाही. आम्ही एकेक करून वर गेलो आणि गुलमोहराचं एकेक रोप घेऊन खाली आलो. मला भाऊंचा संताप आला होता, आणि खोटं कशाला सांगू, थोडं कौतुकही वाटलं.

कॉलेजात अगदी प्रमाण मराठी बोलणारी माझी मैत्रीण घरी गेल्या गेल्या आबांवर तुटून पडली. "कशाला घेतलाव तुमी?"

"चार लोकांत मानान् बोलवलान. नाय कसा म्हनू?" आबा म्हणाले. शालीची घडी घालून त्यांनी ती पत्र्याच्या पेटीत ठेवली आणि नारळ देवापाशी. त्या घरात आलेला नारळ कुणी असाच फोडून खात नसे. तो नारळी पौर्णिमेचा झाला.

दुसऱ्या दिवसापासून डंपर पुन्हा सुरू झाले. आता ते झाडांसाठी माती आणत होते. आम्ही आडवे गेलो तर गावातलेच लोक म्हणायचे, "अरे, तुमचाच सत्कार झाला ना? मग आता काय?" आमच्या रोपांवर पहिल्याच आठवड्यात डबर पडलं. पावसाळ्यात फाटा बुजला. होडी परसात कलंडून राहिली.

नारळी पौर्णिमेला मी दरवर्षीप्रमाणे त्यांच्याकडे जेवायला गेले होते. आबांनी सत्काराच्या नारळाला सोनेरी कागद लावला, ताटात फुलं ठेवली आणि सगळ्यांना घेऊन निघाले. दरवर्षी हे ताट मागच्या दाराने फाट्यावर जायचं. या वर्षी ते पुढच्या दाराने निघालं आणि थेट भाऊंच्या कार्यालयात गेलं. मैत्रीण माझा हात घट्ट धरून म्हणाली, "बघ आता. आबा फेकून मारणार."

आबांनी ताट टेबलावर ठेवलं. "भाऊ, तुमी दिलेला नारल. आता ह्यो कुठं टाकू ता सांगा."

आवाजात राग नव्हता. उत्तर मिळेल अशा अपेक्षेने ते उभे होते. मला वाटलं की भाऊंना आता काहीच सुचणार नाही. पण ते उठले, आबांच्या खांद्यावर हात टाकला आणि ओरडले, "गाडी काढ रे! नाखवांना बंदरावर न्यायचंय."

भाऊंच्या जीपमध्ये भरजरी लुगडी सावरत घरातल्या बायका दाटीवाटीने बसल्या. मीही बसले. शेजारच्या गावच्या बंदरावर गर्दी होती, बाजा होता, फोटोग्राफर होता. भाऊ पुढे झाले तशी गर्दी आपोआप बाजूला सरली. नारळ भाऊंच्या हातून खाडीत पडला. आबा रिकामं ताट धरून त्यांच्या मागे उभे होते. भाऊंना पुढचा कार्यक्रम होता, त्यामुळे जीप तिथूनच निघून गेली.

आम्ही चालत परतलो. जवळची वाट आता भरावावरून होती, सपाट आणि कोरडी. भराव लागला तसे आबा थांबले. त्यांनी चपला काढून हातात घेतल्या, धोतर गुडघ्यावर खोचलं आणि होडीकडे निघताना टाकत तसं पाऊल जपून पुढे टाकलं.

"आबा, हितं पानी नाय आता," मैत्रीण म्हणाली. तिला रडू फुटलं होतं.

"ठाव हाय," आबा म्हणाले. चपला मात्र त्यांनी पलीकडे पोचेपर्यंत हातातच ठेवल्या.