बॉक्स म्हणजे डबा नव्हे

साधना फेगडे परदेशात, हार्बरफ्रंट भागातल्या एका व्यापारी कंपनीत एकवीस वर्षं कागदपत्रं बघते आहे. कंपनी भारतातला तांदूळ घेऊन आफ्रिकेत विकते, आणि जहाज भरण्याआधीच्या शेवटच्या कागदांवर साधनाची सही लागते.

गेल्या सप्टेंबरात छत्तीसगडहून काकीनाड्याच्या बंदरावर मालगाडीभर तांदूळ आला. तो पुढे शाळांतल्या दुपारच्या जेवणासाठी जाणार होता, म्हणून घेणाऱ्यांची अट होती, की रस्त्यात माल फक्त बंद वाघिणींतूनच, म्हणजे छप्पर असलेल्या मालडब्यांतूनच यावा. तसं लिहिलेला दाखला सहीसाठी साधनापुढे आला. सोबत रेल्वेची पावती होती. पावतीवर वाघिणींचा प्रकार छापला होता : बी, ओ, एक्स, एन. साधनाने पेन खाली ठेवलं.

तिचा वरिष्ठ सौमित्र तिच्याहून वीस वर्षांनी लहान, पुण्याचा. त्याला काही अडचण दिसेना.

‘बॉक्स म्हणजे डबाच की, ताई. बंदच असणार.’

‘तो शब्द नाहीये, सौमित्र. चार वेगळी अक्षरं आहेत. बी म्हणजे बोगी, ओ म्हणजे ओपन, एक्स म्हणजे उंच बाजूंची, एन म्हणजे हवेचा ब्रेक. हिला छप्परच नसतं. कोळसा वाहतात हिच्यातून. बंद असती, तर ओच्या जागी सी असता.’

हे तिने कुठल्या कोर्समध्ये शिकलेलं नव्हतं. तिचे वडील मनोहर भुसावळच्या यार्डात वाघिणी तपासायचे. शाळकरी साधना त्यांच्यामागे रुळांच्या कडेने चालायची आणि प्रत्येक वाघिणीवरची अक्षरं मोठ्याने वाचायची. मुलीला यार्डात कशाला आणता, असं एका साहेबाने हटकलं तेव्हा वडिलांनी तिला दुसऱ्या दिवशीही नेलं होतं.

सौमित्रने सांगितलं, की जहाज बंदरात उभं आहे, आणि असल्या अक्षरांवरून आजवर कुणी काही विचारलेलं नाही. साधनाने सही केली नाही. उलट तिने काकीनाड्याच्या तपासनिसाला परस्पर मेल केला, की पोती जहाजात चढवण्याआधी खालच्या थरातली उघडून बघा.

घरी, चोआ चू कांग भागात, तिच्या नवऱ्याने, निशिकांतने सगळं ऐकून घेतलं. तो स्वतः बँकेत जोखीम मोजण्याचं काम बघतो. त्याचं म्हणणं पडलं, की आपण संशय लेखी कळवावा आणि सही साहेबांवर सोडावी. मुलीने, श्रियाने फोनमधून डोकंही वर न काढता तिथल्या ढंगाच्या इंग्रजीत म्हटलं, ‘जस्ट साइन, लाह. नोबडी चेक्स.’ साधनाने ताटं नेहमीपेक्षा जोरात ठेवली.

दुसऱ्या दिवशी संचालकबाईंनी दोघांना बोलावलं. त्यांनी शांतपणे विचारलं, की एका मालगाडीची लिपी एकट्या साधनालाच कशी काय कळते. साधनाने उठून फळ्यावर चारही अक्षरं एकाखाली एक लिहिली आणि अर्थ सांगितले. बाईंनी ते बघितले. मग दाखला सौमित्रपुढे सरकवून म्हणाल्या, की तूही सही करू शकतोस.

सौमित्रचा चेहरा उतरला. त्याचा इथे राहण्याचा पास याच नोकरीवर होता आणि धाकटं मूल नुकतंच बालवाडीत जायला लागलं होतं. साधना त्याच्याकडे वळून मराठीत म्हणाली, ‘मी इथली कायमची रहिवासी आहे, मला कुणी विमानात बसवू शकत नाही. तुझं तसं नाही, हे मला कळतं. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. जिथे गाडी भरली, तिथे फोन लाव आणि तूच विचार.’

त्याने बाईंसमोरच फोन लावला. मालधक्क्यावरच्या माणसाला त्याने हिंदीत विचारलं, की वाघिणी बंद होत्या ना. तो माणूस म्हणाला, बंद मिळाल्याच नाहीत, पण वरून ताडपत्री बांधली होती. दोन ठिकाणी वाऱ्यापावसात सुटली, तेवढंच. सौमित्रने फोन ठेवला, बाईंना ते इंग्रजीत जसंच्या तसं सांगितलं आणि दाखला परत सरकवला. सहीची जागा कोरीच.

तीन दिवसांनी तपासनिसाचे फोटो आले. दोन वाघिणींतली खालची पोती ओली होऊन काळी पडली होती, आतल्या तांदळाचे गोळे झाले होते. तेवढा माल बाजूला काढला, आणि उघड्या वाघिणींची खरी हकिकत घेणाऱ्यांना कळवली. त्यांनी उरलेलं एकेक पोतं तपासून घेतलं. जहाज अकरा दिवस उशिरा सुटलं.

साधनाला शाबासकी मिळाली नाही. उलट परस्पर मेल केल्याबद्दल ताकीद मिळाली आणि दिलगिरीचे दोन शब्द लिहून द्यायला सांगण्यात आलं. तिने जागेवर बसूनच उत्तर टाइप केलं : ‘ताकीद मिळाली. दिलगिरी वाटत नाही. पुन्हा अशी वेळ आली, तर पुन्हा हेच करीन.’ ते तिने बाईंना पाठवलं आणि प्रत सगळ्या विभागाला.

काढून टाकतील म्हणून तिने खणातल्या वस्तू पिशवीत भरूनही ठेवल्या होत्या. पण कुणी काढलं नाही. जानेवारीत बढतीची यादी लागली, तीत तिचं नाव नव्हतं. सौमित्रने विचारलं, की वाईट वाटलं का. ती म्हणाली, वाटलं. आणि काकीनाड्याची नवी फाइल उघडून त्याला म्हणाली, ‘खुर्ची ओढ. ही तू वाच, मी ऐकते.’