मुरगूडमार्गे आलेला निरोप

आमच्या सासूबाई मशीनला कपडे टाकायच्या आधी माझ्या युनिफॉर्मचे खिसे उलटे करतात. कधी चिकटपट्टीचा गोळा निघतो, कधी बिनटोपणाचं पेन, कधी सलाईनच्या नळीचं टोपण. एकदा तर एका आजोबांची कवळीच निघाली! "हे कुणाचं गं?" असं त्या विचारतात आणि मग मला सांगावं लागतं. एरवी मी फार बोलणाऱ्यातली नाही. लग्नाला अजून वर्ष झालेलं नाही, मंगळवार पेठेतल्या त्या घरात भांड्यांचा आवाज माझ्यापेक्षा मोठा आहे. वॉर्डातल्या किश्श्यांचंही या खिशासारखंच. ड्युटीवर असताना कधी आत पडले ते कळत नाही, घरी आल्यावर सापडतात.

हॉस्पिटल राजारामपुरीत. दुसऱ्या मजल्यावर आमचा पुरुषांचा वॉर्ड, वीस खाटांचा. पोटाच्या ऑपरेशनचे, दम्याचे, किडनीचे, पॅरालिसिसचे, सगळे एका छपराखाली. आणि सगळ्यांवर मुल्ला सिस्टर! उंचीनं त्या माझ्या खांद्याला लागतात. पण मोठे डॉक्टर राऊंडला आले की आधी मुल्ला सिस्टरांच्या चेहऱ्याकडे बघतात, मग पेशंटकडे.

*

माझा पहिलाच आठवडा होता. सहा नंबरच्या खाटेवर न्यूमोनियाचा एक रिक्षावाला. मुल्ला सिस्टर त्याचं मनगट धरून मिनिटभर उभ्या राहिल्या, त्याच्याशी स्टँडवरच्या भांडणाबद्दल बोलल्या, हसल्या आणि बाहेर येऊन मला म्हणाल्या, "डॉक्टरांना बोलाव. पळ."

मी म्हटलं, "सिस्टर, नाडी तर मी आत्ताच बघितली. ठीक होती."

"नाडी कोण मोजत हुतं? श्वास मोजला. बत्तीस हाय."

"पण तुम्ही तर मनगट..."

"अगं, श्वास मोजतोय म्हणून सांगितलं की माणूस शहाण्यासारखा श्वास घ्याय लागतो. हात मनगटावर ठेवायचा, डोळे छातीवर!"

तासाभरात तो आयसीयूत होता. आठव्या दिवशी स्वतःच्या पायांनी जिना उतरून गेला. त्याला वाटतं, त्या बाई फार गप्पिष्ट होत्या.

मी हे घरी करून बघितलं. नवरा टीव्ही बघत होता, मी हळूच त्याचं मनगट धरलं. तो बिचारा इतका खूश झाला! नुसता हसत बसला.

सोळा. एकदम नॉर्मल.

*

दुसऱ्या दिवशी ऑपरेशन असलं की खाटेवर मोठी पाटी लावतात : 'तोंडाने काहीही देऊ नये.' आपल्याकडची माणसं पाटी वाचतात, मान डोलावतात आणि पाटीच्या खाली डबा उघडतात. रिकाम्या पोटी माणसाला कापायला पाठवायचं हे त्यांच्या मनाला पटतच नाही.

पित्ताशयाच्या खड्यांचा एक पेशंट. बरोबर त्याची आई. मी विचारलं, "मावशी, यांना सकाळपासून काही दिलं नाही ना?" "न्हाय ओ सिस्टर." भूल देणाऱ्या डॉक्टरांनी विचारलं. "न्हाय." वॉर्डातल्या मामांनी स्ट्रेचर आणलं, त्यांनीही विचारलं. "अवो कितींदा सांगू, न्हाय!"

स्ट्रेचर लिफ्टपाशी पोचलं. मुल्ला सिस्टर सहज जाता जाता थांबल्या. "मावशी, पोहे जरा तिखटच झालते न्हवं सकाळचे?"

मावशी उसळल्या. "तिखट कुठनं? पोहे न्हवंच ते! दहीभात हुता, मऊ केलता चांगला!"

स्ट्रेचर परत. पोटात भात असताना भूल दिली, उलटी झाली आणि ती फुफ्फुसात गेली तर माणूस जातो. हे सगळं मावशींना नीट समजावून सांगितलं. मग डोळे पुसून म्हणाल्या, "पण ह्या बाईला दहीभाताचं कळलं कसं?"

मलाही तेच विचारायचं होतं.

*

मग आण्णा आले. मुरगूडचे, म्हणजे माझ्या माहेरच्या गावचे. साठी ओलांडलेले, सहा म्हशी, मनगटं खुंट्यासारखी. मोठ्या आतड्याला पीळ पडलेला. तातडीनं ऑपरेशन झालं, आतड्याचा काळा पडलेला भाग काढावा लागला आणि पोटावर तात्पुरती पिशवी बसली. शौच त्या पिशवीत. तीन-चार महिन्यांनी आतडं परत जोडायचं, पण ते केव्हा? आण्णांच्या अंगात ताकद आली तर.

मुल्ला सिस्टर मला नावानं हाक मारत नाहीत. "ए मुरगूड, ड्रेसिंगची ट्रॉली आण!" झालं, आण्णांनी डोळे उघडले. "मुरगूडची? कुनाची गं तू?"

मी माझ्या वडिलांचं, आप्पांचं, नाव सांगितलं. आण्णांनी पोटावरची चादर गळ्यापर्यंत ओढून घेतली. "म्हंजे गावची लेक. मग तू हिकडं याचं न्हाय."

पिशवी बदलायला त्यांना मुल्ला सिस्टर चालायच्या, मामा चालायचे, मी नाही. एवढ्यावर भागलं असतं. पण आण्णा जेवेनात! खिचडी आणली, तोंड मिटलं. पेज आणली, भिंतीकडं तोंड. तीन दिवस. कुणी म्हणे पिशवी भरेल म्हणून घाबरतात, कुणी म्हणे मनानं खचलेत. मोठे डॉक्टर चिडून म्हणाले, "असं चाललं तर जखम भरणार नाही. पिशवी कायमची राहील."

मला राहवेना. सासूबाईंना सांगितलं, त्यांनी मऊ भात, मुगाचं वरण करून डबा दिला. आण्णांनी तो डबा हातात घेतला, कपाळाला लावला आणि न उघडता मला परत दिला.

हे मुल्ला सिस्टरांनी लांबून बघितलं. "ए मुरगूड, तुझ्या लग्नाला किती महिने झाले?"

"चार."

"पाळणा?"

"छे हो!"

"मग कसा जेवंल तो? लेकीला मूल होईस्तवर तिच्या घरचं खात न्हाईत जुनी माणसं. आणि रोज चमचा घेऊन समोर कोण उभं ऱ्हातंय? तूच की!"

मी म्हटलं, "पण खिचडी हॉस्पिटलची होती!"

"त्याच्या लेखी हा वॉर्ड तुझंच घर हाय."

मुल्ला सिस्टरांनी स्वतःचा डबा काढला. मऊ भात, आमटी. स्टूल ओढून बसल्या. "आण्णा, ही पोरगी गेली तिकडं. हे माझ्या घरचं हाय, माझी दोन पोरं कॉलेजला हाईत. आता काय अडचण?"

आण्णांनी दाराकडं बघितलं. मी दाराआड होते. मग त्यांनी तोंड उघडलं. जातपात, सोवळं, काही आडवं आलं नाही. आडवी आले होते ती मी एकटी!

अख्खा डबा संपवल्यावर आण्णा म्हणाले, "मीठ कमी हाय."

पुढचे नऊ दिवस मुल्ला सिस्टर दोन डबे आणत होत्या. दुसऱ्यात मीठ जास्त.

*

मध्ये एक गुरुजी होते. निवृत्त हेडमास्तर, पॅरालिसिसचा झटका, वाचा गेलेली. तीन आठवडे एक शब्द नाही. मुलगा रोज समोर बसून म्हणायचा, "बाबा, मला हाक मारा. एकदा तरी मारा."

एका सकाळी तो मुलगा त्यांची दाढी करत होता आणि ब्लेड जरा लागलं. गुरुजींच्या तोंडून अशी खणखणीत शिवी बाहेर पडली की पलीकडच्या खाटेवरचे मटण दुकानवाले पाव्हणेसुद्धा उठून बसले!

मग मुलगा वस्तरा टाकून रडायलाच लागला. "बाबा बोलले! अजून एकदा द्या, बाबा!" डॉक्टर म्हणाले, असं होतं, मेंदूत शिव्या वेगळ्या कप्प्यात असतात, त्या आधी परत येतात. संध्याकाळी शिवीचे पेढे वाटले.

गुरुजींच्या बायकोनं मात्र पेढा हातात धरून मला हळूच सांगितलं, "चाळीस वर्षं संसार केला. ह्यास्नी असले शब्द येत्यात हे आजच कळलं."

*

आता शेवटचा.

साडेतीन महिन्यांनी आण्णा परत आले. गाल भरलेले, आवाज चढलेला. आतडं जोडायचं ऑपरेशन झालं, पिशवी गेली. आता आमच्या वॉर्डातला सगळ्यात मोठा प्रश्न उरला. लोकांना वाटतं, दवाखान्यात सगळे हृदयाच्या ठोक्याकडं कान लावून असतात. पोटाच्या ऑपरेशननंतर सगळे ज्याची वाट बघतात ते म्हणजे वारं सरणं! ते सरलं की आतडं जागं झालं. मग पाणी, मग चहा, मग घर. नाही सरलं तर पोट फुगत जातं, आणि कधी कधी पुन्हा उघडावं लागतं.

पहिला दिवस गेला, दुसरा, तिसरा. मुल्ला सिस्टर त्यांना धरून व्हरांड्यात फेऱ्या मारायला लावायच्या. "आण्णा, झालं का?" "न्हाय." मामा विचारायचे, "न्हाय." मी विचारलं की आण्णा भिंतीकडं वळायचे. असलं काही गावच्या लेकीला सांगतात व्हय!

चौथ्या दिवशी पोट ढोलासारखं. मोठे डॉक्टर हळू आवाजात म्हणाले, "उद्या सकाळपर्यंत बघू. नाहीतर परत आत घ्यावं लागेल." आण्णांच्या मुलानं ते ऐकलं. म्हशी चार दिवस शेजाऱ्यावर सोपवलेल्या. धार काढून सकाळी येतो म्हणून तो रात्रीच्या एसटीनं गावाकडं गेला. जाताना माझ्याकडं बघून त्यानं हात जोडले.

पाचव्या दिवशी सकाळी ड्युटीवर आले तर मुल्ला सिस्टरांची साप्ताहिक सुट्टी. मामा स्ट्रेचर घेऊन एक्स-रेला गेलेले. वॉर्डात मी एकटी. आण्णांच्या खाटेपाशी गेले. "आण्णा, झालं का काही?"

भिंत.

"आण्णा, मोठे डॉक्टर येतील आता. खरं सांगा."

भिंतच.

मी टेबलाशी येऊन चार्ट उघडला. एवढ्यात खिशात फोन वाजला. बघते तर आप्पा. आप्पा ड्युटीच्या वेळी कधीच फोन करत नाहीत.

"आप्पा? काय झालं?"

"काय न्हाय. ऐक. आण्णाचा आत्ताच फोन आलता मला."

मी वळून बघितलं. आण्णा सहा पावलांवर होते. उशाशी त्यांचा मोबाईल.

"आप्पा, ते इथंच आहेत. माझ्या समोर!"

"म्हाईत हाय की. तुझ्यासाठी निरोप दिलाय."

"काय निरोप?"

आप्पा खाकरले. परत खाकरले. मागं गोठ्यातल्या म्हशीची घंटा वाजली.

"थांब," ते शेवटी म्हणाले, "आईकडं देतो."

आईनं फोन घेतला. "सरलं म्हणं. दोनदा."

मी फोन ठेवला तेव्हा आण्णांनी डोक्यावरून चादर घेतली होती. खाली फक्त पायाची बोटं दिसत होती, ताठ.

मी कळवताच मोठे डॉक्टर धावत आले, पोटावर स्टेथोस्कोप ठेवून कितीतरी वेळ ऐकत राहिले आणि हसले. "घोट घोट सुरू करा." ते गेले आणि चादर पुन्हा डोक्यावर गेली.

माझ्या थर्मासमध्ये सासूबाईंनी दिलेला कोरा चहा होता. अर्धा कप ओतला आणि स्टुलावर ठेवला.

"आण्णा, चहा."

चादरीतनं आवाज आला, "कुनाच्या घरचा?"

"मुल्ला सिस्टरांच्या."

चादर जराशी हलली. मग तिच्यातनं एक हात बाहेर आला.