टपाच्या जाळीसह आणि जाळीशिवाय

वडिलांची जीप जव्हार ते दाभोसा चालायची. दहा माणसांची जागा, पण बाजाराच्या दिवशी वीस बसायची. भाड्याला पैसे नसले तर वडील शेरभर नागली घ्यायचे, नाहीतर तेही नाही. संध्याकाळी वरच्या वळणावर ते दोनदा हॉर्न वाजवायचे. मग आई तवा ठेवायची आणि मी दप्तर आवरायचे.

कागदपत्रांची मुदत संपली, जीप पासिंग होईना, आणि वडील वसईकडे काँक्रीट मिक्सरच्या गाडीवर ड्रायव्हर म्हणून गेले. होळीला येतात, दिवाळीला येतात. जीप घराच्या बाजूला उभी राहिली. तिच्या बॉनेटवर आई मिरच्या वाळवायची. मी जव्हारच्या कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच.

या उन्हाळ्यात वडिलांचा फोन आला. जव्हारला एक जण जुनी व्हॅन विकत होता. आधी चाळीस हजार दिले तर बाकीचे हप्त्याने घेणार होता.

"जीप भंगारात चाळीसला गेली, तर पावसाच्या आत मी घरी," ते म्हणाले. "तू बघ बाय. तू शिकलेली हायस."

एवढं मोठं काम त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. मी वहीत लिहून घेतलं.

भंगारवाले काका टेम्पो घेऊन आले. जीपभोवती एक फेरी मारली, टायरला लाथ मारली. "उक्ते चोवीस हजार. आत्ता घे, आत्ता नेतो."

"वजनावर घ्या," मी म्हणाले. माझा आवाज बारीक झाला होता. "आरसीवर सोळाशे किलो लिहिलंय. तुमचा भाव किलोला सव्वीस. एक्केचाळीस हजाराच्या वर होतात."

ते हसले. "ताई, कागदावर सोळाशे असेल. गाडीत बसायला बाक कुठाय? टपावरची सामानाची जाळी कुठाय? मागचा दरवाजा कुठाय? मी काय आरसी वितळवू?"

मी जीपकडे पाहिलं. दोन वर्षं रोज तिच्या बाजूने जात होते, पण ती अर्धी झाली आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. आई म्हणाली, "बानं दिलं ना सगळ्यांना. गाडी उभीच हाय तर पडून कशाला ठेवायचं, म्हणाला." इंजिनाचे काही भाग मेकॅनिकने नेले होते. दरवाजा शेजाऱ्यांच्या शेळ्यांच्या गोठ्याला लागला होता. बाक फाट्यावर होता आणि टपाची जाळी सूर्यमाळला आत्याकडे.

काकांना मी चार दिवस मागितले. जेवढं गोळा होईल तेवढं करायचं, असं मनात होतं. शेजाऱ्यांचा दरवाजा मागायला गेले आणि शेळ्या बघून परत आले. फाट्यावर गेले तर बाकावर दोन म्हाताऱ्या जीपची वाट बघत बसल्या होत्या. एक सरकली आणि म्हणाली, "बस गं. तुझ्या बाचाच बाक हाय." मी बसले. बाक न मागताच, त्यांची जीप आली तशी मीही त्यात बसून निघाले.

सूर्यमाळला मात्र मी ठरवूनच गेले. तिथे उन्हाळ्यात पाण्याला फार लांब जावं लागतं. आत्याने ती जाळी चार दगडांवर ठेवली होती आणि वर पाण्याचे हंडे, कॅन ओळीने मांडले होते. खाली कोंबड्या बसल्या होत्या.

मी कशीबशी सांगितली ती गोष्ट. आत्या लगेच उठली. "ने की! भाऊ घरी येतोय तर मला जाळीचं काय?" हंडे ती एकेक करून खाली ठेवू लागली. मातीवर एक हंडा कलला, थोडं पाणी सांडलं. तिने झटकन तो धरला, सांडलेल्या जागेकडे बघितलं, आणि मग मला म्हणाली, "चा घेतेस?"

मी चहा घेतला. जाळी भाड्याच्या एका जीपच्या टपावर बांधून घरी आणली. हे मी लिहायला नको होतं असं वाटतं, पण आणली.

ट्रॅक्टरने ओढून आमची जीप जव्हारच्या वजनकाट्यावर नेली. जाळी तिच्यावर परत चढवली होती. लांबून ती थोडी पहिल्यासारखी दिसली. पावती आली, तेराशे किलो. तेहतीस हजार आठशे. मी मनातल्या मनात पुन्हा पुन्हा गुणाकार केला. चाळीस होत नव्हते.

"उक्त्यापेक्षा दहा हजार जास्त मिळाले की," काका म्हणाले. "काटा तुझ्यासमोर केला. आता तोंड का पाडलंस?"

"काका, ती वरची जाळी काढून परत वजन कराल?"

"कमी भरेल."

"हो."

"लोक काट्यावर चढवतात, ही उतरवते," ते कामगाराला म्हणाले. "कॉलेजात हेच शिकवतात काय?" पण त्यांनी जाळी उतरवली. बाराशे सत्तर. जाळी तीस किलोची, म्हणजे सातशे ऐंशी रुपये. तेहतीस हजार वीस त्यांनी मोजून दिले.

आरसी रद्द करायला गाडीचा चासी नंबर कापून घ्यावा लागतो, हे मी वाचलं होतं. काकांच्या माणसाने गॅसकटरने तो तुकडा कापला, पाण्यात टाकला आणि माझ्या हातात दिला. तळहाताएवढं लोखंड, अजून कोमट होतं.

रात्री वडिलांना फोन केला. आकडा सांगितला. पलीकडे मशीनचा आवाज येत होता.

"काटा बरोबर होता ना?"

"हो. मी समोर उभी होते."

"मग भाव बरोबर मिळाला." जाळीचं त्यांना आईकडून कळलं होतं. "आणि आत्याची जाळी?"

"उद्या पोचवते."

"हां." पुन्हा मशीनचा आवाज. "व्हॅनवाला थांबायचा नाय आता. दिवाळीला बघू काय तरी. तो नंबरचा तुकडा ठेव जपून. त्याला माझी सही लागते, मी आल्यावर जमा करू."

दुसऱ्या दिवशी जाळी आत्याकडे पोचवली. हंडे मीच वर मांडले. निघताना आत्याने माझ्या पिशवीत मूठभर मोहाची फुलं टाकली.

तुकडा आईने देवाच्या फळीवर, हळदीच्या डबीशेजारी ठेवला आहे. त्यावरचे आकडे मला पाठ झाले आहेत. जीप होती तिथे गवत उगवलेलं नाही, चार चाकांच्या चार खुणा आहेत. मिरच्या आता आई जमिनीवर चटई टाकून वाळवते. संध्याकाळी वळणावर दुसऱ्या कुणाची जीप हॉर्न देते, एकदाच. दोनदा कुणी देत नाही.