पाटोद्याच्या दुकानातली सुपारीची कोडी

रसिक म्हणवणाऱ्यांची मला चीड आहे. ती का, ते सांगतो.

पाटोद्याला बाजाराच्या दिवशी दुपारी एका कापडदुकानाच्या मागल्या खोलीत आम्ही चौघं जमायचो. दुकान ज्यांचं होतं त्यांना सगळा बाजार अप्पा म्हणायचा. लिंगायत व्यापारी, गिऱ्हाइकाशी गोड, घरच्यांशी खेकसणारे. दुसऱ्यांना आम्ही मालक म्हणायचो. कडा गावाकडचे जमीनदार, घरी फोनो, हैदराबादेहून तबकड्या मागवायचे आणि माडीची खिडकी लावून एकटेच ऐकायचे. तिसरे निजामाच्या सरकारी मदरशातले, म्हणजे शाळेतले, मास्तर. आम्हा तिघांना गाण्यातले राग कळायला लागले ते मास्तरांमुळे. चौथा मी. गावोगाव निजामाविरुद्धच्या चळवळीची पत्रकं वाटायचो, म्हणून ठाण्याच्या डोळ्यांवर होतो.

आमचा खेळ कोड्यांचा. गाऊन दाखवायचं नाही, गायलं की राग कळतोच. मांजरपाटाचा तुकडा अंथरायचा. त्यावर सात स्वरांच्या सात जागा. शुद्ध स्वराला अख्खी सुपारी, कोमलाला फोडलेली अर्धी, तीव्र मध्यमाला लवंग. रागात नसलेल्या स्वराची जागा मोकळी. वादी म्हणजे ज्या स्वरावर रागाचा सगळा भार असतो तो. त्याच्या सुपारीखाली विड्याचं पान. कोडं घालणाऱ्यानं तोंडात विडा भरायचा आणि बाकीच्यांचं एकमत होईपर्यंत अवाक्षर काढायचं नाही. यावर मास्तर फार कडक होते. एकदा अप्पा बोलता बोलता गंधार उचलून खाऊन बसले, आणि आम्ही गंधार नसलेला राग शोधत कितीतरी वेळ भांडलो. मास्तरांना सगळं दिसत होतं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं, पण तोंड उघडलं नाही.

त्या दिवशी कोडं मास्तरांचं होतं. सुपाऱ्यांच्या दोन ओळी, दोन्ही हुबेहूब. सा, रे, ग, प, ध, पाचही शुद्ध. मध्यम आणि निषाद मोकळे. पान कुठंच नाही. दोन पानं बाजूला ठेवलेली. विडा तोंडात घालण्याआधी मास्तर एवढंच म्हणाले, "वरची ओळ दिवेलागणीनंतरची, खालची सकाळची. पानं ठेवा."

मी डोकं खाजवत बसलो. अप्पा तोंडातल्या तोंडात पुटपुटत होते. मालकांनी डोळे मिटले, थोडं डोलले, आणि वरच्या ओळीत गंधाराखाली एक पान सरकवलं, खालच्या ओळीत धैवताखाली दुसरं. म्हणाले, वर भूप, खाली देशकार. त्या घटकेला मला तो माणूस आवडला होता. खरं आहे म्हणून लिहितो. अप्पांना पटेना. ते म्हणाले, पानं उलटी पडली. त्यावरून जुंपली, आणि तेवढ्यात ठाण्याचा जवान आत आला.

तो आला होता माझ्या मागावर. चावडीवर कुणीतरी पत्रक डकवलं होतं. माझी झडती घेतली, काही सापडलं नाही. मग त्याला दिसलं ते हे: चार माणसं, बंद खोली, अंथरलेलं कापड, मांडलेल्या सुपाऱ्या. त्यानं चौघांत शिकलेले दिसणाऱ्या मास्तरांना विचारलं, हे काय चाललंय? मास्तरांचे दोन्ही गाल भरलेले. आमचं एकमत झालेलं नव्हतं. सवयीनं त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि आमच्याकडं हात केला, यांना विचारा म्हणून. जवानाला वाटलं, हा मास्तर मलाच गप्प बसवतोय. त्यानं सुपाऱ्यांसकट कापडाचं गाठोडं बांधलं आणि चौघांना ठाण्यात नेलं. मास्तरांवर ठपका ठेवला, जुगाराचा अड्डा चालवतो म्हणून.

अमीनसाहेब, म्हणजे ठाण्याचे फौजदार, बाजेवर पाय सोडून बसले होते. मी सांगितलं, हा जुगार नाही, गाण्याचं कोडं आहे. निजामाच्या अमिनाचं कौतुक करायला मी लिहीत नाही, पण तो जे बोलला ते सरळ होतं. म्हणाला, गाण्याचं कोडं असेल तर उत्तर असणार. मास्तरनं कोडं घातलंय, त्याचं नको. बाकीच्या तिघांना एकेकटं बोलावतो. तिघं एकच बोलले तर चौघंही घरी जा. जुगार निघाला तर सरकारी नोकरी करणारा घरी बसेल.

मी पहिला गेलो. पानं ठेवली, भूप आणि देशकार सांगितलं. मग अप्पा, मग मालक. शेवटी जबाब सगळ्यांसमोर वाचले गेले. अप्पांचा जबाब: मी कापड विकतो, मागच्या खोलीत कोण बसतं, काय करतं, मला माहीत न्हाई. मालकांचा जबाब: धोतरजोडा घ्यायला गेलतो, सुपाऱ्या कशासाठी मांडल्या ते कळलं नाही.

अमीन माझ्याकडं बघून म्हणाला, एकच उत्तर जमलं, आणि तेही तुझं. तुला तर मास्तरनं आधीच पढवलं असेल. त्यानं कागदावर जुगार लिहिला.

ठाण्याच्या पायऱ्यांवर मास्तरांनी मालकांना गाठलं. आवाज चढवला नाही.

"मालक, पानं तुमीच ठेवलीत."

"मला गाण्यातलं काय कळतंय, मास्तर? चार तबकड्या हायत घरात, एवढंच." मग माझ्याकडं वळून, "अन् तू नसतास तर जवान आलाच नसता बे."

"माझ्यासाठी आला, हे कबूल," मी म्हणालो. "पण भूपाचं नाव घेताना तुमचं तोंड मी धरलं होतं का?"

त्यांनी गाडीवानाला हाक मारली.

मास्तरांची नोकरी गेली. बायको-पोरं घेऊन ते चकलांब्याला भावाच्या आश्रयाला गेले. वर अर्ज केला तेव्हा निरोप आला की कुणी इज्जतदार माणूस बैठकीत बसल्याची साक्ष देत असेल तर विचार करू. इज्जतदार म्हणजे शेतसारा भरणारा. पत्रकं वाटणाऱ्याची इज्जत धरत नाहीत. मी कड्याला मालकांच्या घरी दोनदा जाऊन आलो. घरात असून नाहीत म्हणून सांगितलं.

मग एका बाजारी मी सरळ अप्पांच्या दुकानात घुसलो. मागल्या खोलीत बैठक भरली होती, या खेपेला रीतसर इजाजत घेऊन. तक्क्याला टेकून अमीनसाहेब. त्यांच्यासमोर मालक सुपाऱ्या मांडत होते आणि कोमल ऋषभ कुठं लागतो ते त्यांना समजावून सांगत होते. अप्पा पंखा हलवत होते.

"ये बे, बस," मालक म्हणाले. "तुझ्यावाचून भांडायला कुणी न्हाई."

मी उभाच राहिलो. अमिनाला म्हटलं, साहेब, या माणसाला गाण्यातलं काही कळत नाही, असं तुमच्याच ठाण्यात लिहिलंय. त्या जबाबापायी एक घर बसलंय. आता तुमच्या डोळ्यांदेखत तो ऋषभ शिकवतोय. जबाब बदलून घ्या.

अमीनानं सुपारीवरची नजर काढली नाही. म्हणाला, "वो जबाब था. ये बैठक है."

मालकांनी अर्धी सुपारी उचलली, पुसली, पुन्हा तिथंच ठेवली. जबाब फिरवला तर आधीचा खोटा ठरणार, खोट्या जबाबाचा बट्टा घराण्याला लागणार, हे मलाही कळत होतं. एका घराण्याला बट्टा आणि एका घराची चूल, यांतलं त्यांनी काय निवडलं हे मात्र मी पत्रकात छापलं. आमच्याच मंडळींनी ते वाटायचं नाकारलं. म्हणाले, गाण्याबजावण्याच्या भानगडी चळवळीत कशाला आणतोस, शिवाय मालक पुढंमागं वर्गणी देतील.

अर्ज फेटाळला गेला. साक्षीदार मिळाला नाही, असं कारण. ते सांगायला मी चकलांब्याला गेलो. मास्तर भावाच्या शेतावर पाखरं हाकत होते. सगळं ऐकून घेतलं. शाळेबद्दल एक शब्द विचारला नाही. मग म्हणाले, "बैठकीत कोडं कोणतं मांडलं होतं रे?"

मी मांडणी पाहिली होती. राग मला ओळखूही आला होता. पण त्यांची चूल विझवणाऱ्याचं कोडं मी त्यांना सांगितलं नाही.