मिरचीच्या गोदामात पास झालेली टॉर्च

मी तेव्हा सैन्यात नायक होतो. आमची पोस्ट उत्तरेकडच्या बर्फात होती, माणसं अठरा. रोज सकाळी ०६०० वाजता चौघांचं लिंक पेट्रोल निघायचं, शेजारच्या पोस्टपर्यंत जाऊन परत. अंतर अडीच किलोमीटर, परतताना डाव्या हाताला नाला. नाल्याची खोली कुणी मोजलेली नव्हती, कारण मोजायला उतरलेला माणूस आकडा सांगायला वर आला नसता.

पेट्रोलमध्ये सर्वांत पुढे लान्स नायक जयसिंग वसावे चालायचा. तो मोलगीच्या पुढच्या डोंगरातला, मी शहाद्याकडच्या सपाटीवरचा. पलटणीत नंदुरबार जिल्ह्याचे आम्ही दोघंच. एकमेकांशी अहिराणी बोलायचो आणि साहेबांसमोर दोघंही सारखीच वाईट हिंदी.

थंडीत पोस्टवरच्या टॉर्चचे सेल दहा मिनिटांत मान टाकायचे. जानेवारीत आम्हा दोघांची सुट्टी एकदम लागली. निघताना कंपनी कमांडर म्हणाले, "पाटील, एक अच्छा पॉकेट टॉर्च लेके आना. वसावे आगे चलता है. वो नाले में नहीं जाना चाहिए."

"यस, साब."

हुकूम मला होता, हे मी गाडीत भुसावळपासून नंदुरबारपर्यंत वसावेला तीनदा सांगितलं.

नंदुरबारला ११०० वाजता मंगल बाजाराकडच्या एका दुकानात शिरलो. शेठ मूळचे राजस्थानचे, पण तीन पिढ्या इथल्या. अहिराणी आमच्यापेक्षा सफाईदार. मी काउंटरवर चौदा टॉर्च फॉल-इन केल्या आणि इन्स्पेक्शन सुरू केलं. पहिल्यांदा हलवून बघायची, आत खुळखुळ झाली की बाद. मग मागचं झाकण उघडून आटे बघायचे. आटे बोथट असतील किंवा रबराची रिंग नसेल तर बाद. बटण शंभर वेळा दाबायचं. मग कमरेच्या उंचीवरून फरशीवर सोडायची. चौथी टॉर्च फरशीवर पडल्यावर शेठनी डोळे मिटून घेतले.

"फौजीभाऊ," ते म्हणाले, "टॉर्च लेवाले उनात का पोरगी देखाले?"

"शेठ, पोरगी वाईट निघाली तर एक घर बिघडतं," मी म्हणालो. "टॉर्च वाईट निघाली तर चार बिघडतात."

पाण्याच्या परीक्षेसाठी मी शेठचा प्यायचा तांब्या वापरला. नंतर त्यांनी त्या तांब्यातलं पाणी प्यायलं नाही.

दोन टॉर्च उरल्या. एक लांब, पांढऱ्याशुभ्र प्रकाशाची, खोक्यावर बाण काढून दूरच्या डोंगरापर्यंत झोत दाखवलेला. दुसरी बोटाएवढी, पिवळट प्रकाशाची, दिसायला अगदीच गरीब. आता बीम बघायचा होता, आणि बाहेर भर दुपार. मी अंधाराची मागणी केली. दुकानामागे शेठच्या भावाचं मिरचीचं गोदाम होतं. शेठ म्हणाले, "तठे अंधारा शे. पन हात काही लावू नका."

शटर ओढून घेतलं. लांब टॉर्च लावली. समोरच्या भिंतीवर गोल पडला, पण हवेतला झोत दिसेना. झोत दिसायचा तर हवेत काहीतरी पाहिजे, हे मला ट्रेनिंगपासून माहीत. म्हणून मी जवळचं रिकामं पोतं उचललं आणि जोरात झटकलं.

इथून पुढची दोन मिनिटं मला नीट सांगता येणार नाहीत. झोत दिसला, फार सुंदर दिसला, लालभडक. मग शेठ शिंकले, मग मी, मग वसावे, आणि मग कोण शिंकतंय ते कळेनासं झालं. डोळ्यांतून धारा. मी आयुष्यात अश्रुधुराचा सराव केला आहे. तो याच्यापुढे उदबत्ती होता.

त्या गोंधळात वसावेनं लहान टॉर्च लावून गुडघ्याशी धरली.

"उस्ताद," तो खोकत म्हणाला, "तुमन्या टॉर्चमा भिंतच दिखस. हाई खाले धरी तं पोत्यासनी रांग दिखस. धुकं बी आसंच ऱ्हास."

बरोबर बोलत होता. मला ते तिथल्या तिथे पटलं होतं, आणि हीच लाजेची गोष्ट आहे. पण माझ्या हातावर दोन फिती होत्या, त्याच्या एकच. "हुकूम मले शे," मी म्हणालो, आणि लांब टॉर्च बांधून घेतली. वसावे तोंड धुऊन येतो म्हणून परत आत गेला. त्याला जरा वेळ लागला. मिरची डोळ्यांत गेली असेल म्हणून मी विचारलं नाही.

पोस्टवर परतल्यावर नवव्या दिवशी, परतीच्या वाटेवर ०७२० वाजता, धुकं उतरलं. उजाडलेलं होतं, तरी स्वतःचे बूट दिसेनात. मी ऑर्डर दिली, "वसावे, टॉर्च."

त्यानं लांब टॉर्च लावली. समोर पांढरी भिंत उभी राहिली, चुना लावल्यासारखी. तो थांबला. आम्ही तिघं त्याच्या मागे थांबलो.

रेडिओ वाजला. "टायगर फोर, लोकेशन बताओ. ओव्हर."

"ट्रॅक पर. ओव्हर."

"कौन से ट्रॅक पर? ओव्हर."

मी धुक्यात डावीकडे-उजवीकडे बघितलं. मग मी म्हणालो, "वेट, ओव्हर," आणि सैन्यात या दोन शब्दांचा शोध कुणी लावला त्याचे मनातल्या मनात आभार मानले.

वसावेनं लांब टॉर्च बंद केली. पार्का उघडून आतल्या खिशातून लोकरीचा मोजा काढला आणि मोज्यातून ती बोटाएवढी टॉर्च. सेल अंगाच्या उबेत ठेवले होते. ती गुडघ्याशी धरून त्यानं जमिनीवर पिवळा प्रकाश टाकला. बर्फ दिसला. त्याच्या बुटाच्या पुढे एक हात बर्फ होता आणि त्यापुढे काही नव्हतं.

"उस्ताद," तो हळूच म्हणाला, "मांगे सरा."

आम्ही मागे सरलो. ट्रॅक उजवीकडे सापडला. वाकून, पाऊल पाऊल बघत तो पुढे, आम्ही मागे. ०८१० वाजता चौघंही पोस्टवर होतो. मी तरी चौघांना परत एकदा मोजलं.

कंपनी कमांडर आले. "वेल डन, पाटील. टॉर्च बढिया चुना तुमने."

बाजूला वसावे उभा होता, चेहरा कोरा.

"थँक यू, साब," मी म्हणालो.

पुढच्या वर्षी एके दिवशी ११४० वाजता रस्त्यावरचा बर्फ साफ करताना दरड कोसळली. लान्स नायक जयसिंग वसावे आणि आणखी एक जवान गेले. मी तेव्हा कोर्सवर होतो. त्याला गावी पोहोचवायलासुद्धा मी नव्हतो.

आता मी निवृत्त आहे. दरवर्षी त्याच्या स्मृतिदिनी अक्कलकुव्यावरून जीप पकडून त्याच्या गावी जातो. त्याचे वडील, वेस्ताबाबा, मला प्रत्येकाला दाखवतात: "ह्या पाटीलसाहेब. यासनी टॉर्च निवडी, म्हनीसन चार जन वाचनात." लोक माझ्याकडे आदरानं बघतात. सहा वर्षं मी तो आदर चहाबरोबर गिळत आलो.

यंदा गिळवेना. शाळेकडे कार्यक्रमाला निघताना मी बाबांना अंगणातच थांबवलं. "बाबा, टॉर्च जयसिंगनं निवडली होती. मी चुकीची घेतली होती."

बाबांनी पागोटं नीट केलं. "माले माहित शे. त्यानी पुढली सुट्टीमा सांगं व्हतं."

"मग दरवर्षी असं का सांगता?"

"त्यानीच सांगं व्हतं. माले बोलना, 'बाबा, उस्तादनी इज्जत राखजो.'"

बाबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि मला शाळेकडे चालवलं.

शाळेच्या पटांगणात त्याचा फोटो होता, समोर गाव बसलेलं. माझं नाव पुकारल्यावर मी फोटोसमोर गेलो, सावधान झालो, सॅल्यूट केला आणि रिपोर्ट दिला. टॉर्च लान्स नायक जयसिंग वसावे यांनी निवडली. चार माणसं परत आली. त्यांतला एक मी.